गाडी सुरू कां होत नाहीं?

बिघडलेलें यंत्र दुरुस्त करणें हें तितकेंसें अवघड नसतें. अवघड असतें तें कधीं बिघडणारें व कधीं न बिघडणारें यंत्र दुरुस्त करणें. वैद्याच्या दारीं पोंचतांच ताप उतरावा, आणि घरीं परतून अंथरुणाला पाठ टेंकावी तों पुन्हां अंग तापावें, अशा रोग्यासारखी आमच्या जुन्या पिकअप गाडीची अवस्था २०२३ सालच्या पावसाळ्यांत झाली होती. तिची हकीकत आज सांगावयाची आहे. तींत माझाहि अपराध आहे. तोहि ओघानें सांगावा लागेल.

मी ओतूरच्या बाजूचा. तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें आणि निवृत्तीनंतर वडिलोपार्जित जमिनींत टोमॅटो करूं लागलों. माल कधीं नारायणगांवच्या बाजारांत, तर कधीं माळशेज घाट उतरून कल्याणला जातो. गाडी २००४ सालची, डिझेलवर चालणारी आणि जुन्या धर्तीच्या पंपाची. तिच्यांत संगणक नाहीं. जें कांहीं बिघडेल तें डोळ्यांनीं पाहतां यावें व हातांनीं चांचपतां यावें अशी तिची रचना. ती चालविणाऱ्या गृहस्थांस सारा गांव मामा म्हणतो. मीहि मामाच म्हणतों.

त्या जुलै महिन्यांत टोमॅटोचे भाव देशभर कडाडले होते, हें आपणांस आठवत असेल. अशा दिवसांत बाजारांत दोन तास उशीर होणें म्हणजे काय, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. मामा मध्यरात्रीं निघत, घाट उतरून मुरबाडच्या अलीकडे पाव तास चहाला थांबत, आणि मग किल्ली फिरवीत तों गाडी चालूं होत नसे. ‘टक्’ असा एकच आवाज होई आणि पुन्हां सर्व शांत. अर्ध्यापाऊण तासानें, किंवा चार माणसें गोळा करून धक्का मारल्यावर, ती सुरू होई. माल पोंचे तोंपर्यंत चांगलें गिऱ्हाईक निघून गेलेलें असे. असें तीनदां झालें. आणि दुसऱ्या दिवशीं माझ्या अंगणांत तीच गाडी किल्लीला नुसता हात लावतांच खडखडून जागी होई! गॅरेजमध्यें नेली, मिस्त्रीनें दहा वेळां बंद करून दहा वेळां चालूं करून दाखविली आणि हंसून म्हणाला, “गुरुजी, गाडी ठणठणीत आहे.”

त्याच्या त्या हंसण्यांतून मीं जो अर्थ काढावयास नको होता तोच काढला. संध्याकाळीं मामांस म्हणालों, “मामा, चहाच जरा लांबला असेल.” त्यांनीं माझ्याकडे एकदां पाहिलें, किल्ली खुंटीला अडकविली आणि ते निघून गेले. दोन दिवस ते कामावर आले नाहींत. तिसऱ्या दिवशीं मी त्यांच्या घरीं गेलों. त्या वेळचें बोलणें येथें सांगण्याचें कारण नाहीं. “गुरुजी, वीस वर्षें तुमचा माल नेतों आहे,” एवढेंच ते म्हणाले, आणि तेवढें पुरेसें होतें.

तत्पूर्वीं आम्ही जे उपाय केले होते ते सांगावयास लाज वाटते. प्रथम नवी बॅटरी घेतली. मग सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटार, उतरवून नवी केलेली दुसरी बसविली. प्रत्येक वेळीं आठ दिवस गाडी नीट चालली आणि प्रत्येक वेळीं आम्हांस वाटलें कीं दोष सांपडला. अधूनमधून येणाऱ्या दोषाची ही मोठीच फसवणूक आहे. आपण कांहींहि बदललें तरी तो थोडे दिवस दडून बसतो आणि श्रेय त्या नव्या वस्तूस मिळतें. पैसे खर्चून केलेला अंदाज तो अंदाजच.

मग आम्हीं रीत बदलली. मामांनीं बाजारच्या हिशेबपट्टीच्या पाठीमागें टिपण ठेवावें असें ठरलें: गाडी कितीला थांबविली, किती वेळ थांबली, इंजिन तापलेलें होतें कीं निवलेलें, पाऊस होता काय, उतार कोणत्या बाजूस होता, आणि मुख्य म्हणजे किल्ली फिरवितां कोणता आवाज झाला. हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. ‘गाडी चालूं होत नाहीं’ ह्या एका वाक्यांत वस्तुतः तीन निरनिराळे रोग लपलेले असतात. इंजिन जोरानें फिरतें पण पेट घेत नाहीं, तेव्हां डिझेलकडे पाहावें. नळींत हवा शिरली असेल, जाळी तुंबली असेल, किंवा पंपावरील डिझेल सोडणारें विजेचें बोंडूक उघडत नसेल. इंजिन कण्हत कण्हत मंद फिरतें, तेव्हां बॅटरी उतरली असेल वा सांध्यांत वीज अडत असेल. आणि इंजिन मुळींच फिरत नाहीं, नुसतें ‘टक्’ होतें, तेव्हां डिझेलचा विचारहि करूं नये. सर्व शोध बॅटरी, सेल्फ व त्यांमधील तारा ह्यांतच करावा. आमचा रोग हा तिसरा.

तीन आठवड्यांत सात टिपणें जमलीं. सातहि वेळां इंजिन तापलेलें होतें. परंतु दोन टिपणांत मामांनीं आणखी कांहीं लिहिलें होतें. एक असें कीं, गाडी गिअरमध्यें घालून पुढेंमागें हलविली कीं कधीं कधीं सेल्फ घेते. दुसरें असें: ‘ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली.’ ही केबलची गोष्ट त्यांनीं मला जूनमध्येंहि सांगितली होती. इंजिनाजवळची वस्तु गरम लागणारच, म्हणून मीं ती सोडून दिली होती. आतां कागदावर वाचतांना मात्र मी चमकलों. कारण त्यांनीं पुढें लिहिलें होतें कीं, किल्ली चारपांच वेळां फिरविल्यावर ती अधिक गरम झाली.

विजेची वाट वर्तुळासारखी असते. बॅटरीच्या धन टोंकापासून जाड तारेनें वीज सेल्फकडे जाते, आणि तेथून तिला ऋण टोंकाकडे परत यावें लागतें. ही परतीची वाट इंजिनाच्या धातूंतून व गाडीच्या शासींतून जाते. पण इंजिन रबरी उशांवर बसविलेलें असतें आणि रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून इंजिन व शासी ह्यांमध्यें वेणीसारखी गुंफलेली तांब्याची एक तार जोडतात. तिलाच मिस्त्री लोक अर्थ वायर म्हणतात. ती नीट नसेल तर वीज दुसरी वाट शोधते, आणि इंजिनापासून निघून गाडीच्या अंगाला टेंकणारी धातूची वस्तु म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल! त्या बिचारीला तो भार झेपत नाहीं, ती तापते. गाडी हलविली म्हणजे रबरावरील इंजिन डुलतें, अर्थ वायरचा ढिला सांधा क्षणभर टेंकतो आणि सेल्फ फिरते. मामांचीं दोन्हीं निरीक्षणें एकाच जागीं बोट दाखवीत होतीं.

ओहमनें आपला नियम १८२७ सालीं प्रसिद्ध केला. तो मीं तीस वर्षें फळ्यावर लिहिला. डिझेल इंजिनाची सेल्फ फिरतांना दोनतीनशें अँपिअर वीज ओढते. वाटेंत ओहमचा शंभरावा हिस्सा जरी अडथळा असला तरी ३०० अँपिअरला ३ व्होल्ट तेथेंच खर्च होतात, आणि बॅटरींत असतात बाराच. एवढा सूक्ष्म अडथळा साध्या मीटरनें थेट मोजतां येत नाहीं. शिवाय दोष हजर नसेल तेव्हां मोजण्यासारखें कांहीं नसतेंच. म्हणून किल्ली फिरत असतांना, प्रवाह वाहत असतांनाच व्होल्ट मोजावे लागतात.

मीटर पिशवींत घेऊन मी मामांबरोबर जाऊं लागलों. तीन खेपांस गाडीनें माझा मान राखला. चौथ्या खेपेस, पहांटे सव्वातीन वाजतां, चहाच्या टपरीसमोर ‘टक्’ झालें. इतका आनंद मला क्वचितच झाला असेल! गाडी न्यूट्रलमध्यें, हँडब्रेक ओढलेला, चाकांखालीं दगड. मामा किल्लीवर व मी बॅटरीशीं. प्रथम बॅटरीच्या दोन शिशाच्या टोंकांवर मीटर लावला. किल्ली फिरवितां ११.४ व्होल्ट. म्हणजे बॅटरी निर्दोष. ती रोगी असती तर आंकडा साडेनवाखालीं घसरता. मग एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटावर, दुसरें शासीवर: एक दशांश. ही वाट मोकळी. शेवटीं दुसरें टोंक इंजिनाच्या उघड्या धातूवर टेंकविलें आणि मामांनीं किल्ली फिरविली. सहा व्होल्ट! जेथें पाव व्होल्टहि दिसूं नये तेथें निम्मी बॅटरी वाया जात होती.

खात्रीसाठीं जंपर केबलचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटास आणि दुसरें इंजिनास लावलें. किल्ली फिरवितांक्षणीं इंजिन धडधडलें. टपरीवाल्यानें टाळ्या वाजविल्या; त्याला काय कळलें कोण जाणे.

सकाळीं माल उतरवून आल्यावर गाडीखालीं निजून पाहिलें. गिअरबॉक्सजवळच्या त्या वेणीचे अर्धेअधिक धागे तुटलेले. तिचें शासीकडील टोंक ज्या बोल्टाखालीं होतें तेथें गंज, आणि गंजाखालीं काळा रंग. आदल्या वर्षीं पासिंगसाठीं गाडी रंगविली होती. वेणी सोडून, शासी रंगवून, तिच्यावरच पुन्हां आंवळली होती. आणि रंग लवकर उरका म्हणून रंगाऱ्याच्या मागें मीच लागलों होतों. तापल्यानें तो सांधा किंचित् सैल होई आणि निवल्यावर पुन्हां चिकटे, म्हणून माझ्या अंगणांत गाडी नेहमीं शहाणी.

बॅटरीची ऋण तार आधीं सोडून (ती सोडावी प्रथम व जोडावी सर्वांत शेवटीं, म्हणजे पान्ह्यानें ठिणगी पडण्याचें भय राहत नाहीं) दोन्हीं जागा पॉलिशपेपरनें चकचकीत धातू दिसेपर्यंत घांसल्या, नवी वेणी दांतेरी वॉशर घालून आंवळली आणि वरून ग्रीस चोपडलें. खर्च बॅटरीच्या दहाव्या हिश्शाइतकाहि आला नाहीं. मग बॅटरीच्या खुंटापासून इंजिनापर्यंत पुन्हां मीटर लावून पाहिला: दोन दशांश व्होल्ट.

त्यानंतर गाडी चहाला थांबून अडली नाहीं. मीटर आतां मामांच्या सीटखालीं असतो, आणि बाजारांत कोणाची गाडी नुसतें ‘टक्’ करूं लागली कीं त्यांस हांक येते. आमच्या गाडीचा डिझेलचा कांटा मात्र हल्लीं मधूनच अर्ध्यावर अडकून राहतो. मामांनीं त्याचें टिपण दुसऱ्या हिशेबपट्टीवर सुरू केलें आहे.