रेकॉर्डची तिसरी बाजू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जुन्नरच्या पेठेत माझ्या वडिलांचं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. दोन कर्णे, एक अँप्लिफायर, एक माइक, एक रेकॉर्ड प्लेअर आणि लाकडी पेटीत उभ्या लावलेल्या तबकड्या, एवढंच भांडवल. लग्न असो, उरूस असो, गणपती असो की निवडणूक, वडील सायकलला कर्णे बांधून निघायचे आणि पेटी डोक्यावर घेऊन मी मागे. रेकॉर्ड उलटवणं हे माझं काम. वडील सांगायचे, "सुई टेकवताना श्वास रोखायचा." ती सवय मला आजही आहे. कवितेची पहिली ओळ कागदावर टेकवताना मी श्वास रोखतो.

त्या पेटीत एक लाँग प्ले होती. तिचा मान शिवजयंतीचा. शिवराज्याभिषेकाला 300 वर्षं झाली म्हणून 1974 मध्ये निघालेली 'शिवकल्याण राजा'. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती असेल, निदान कॅसेट तरी असेलच. आमच्या गावात तिला वेगळं वजन होतं, कारण कर्ण्याचं तोंड ज्या दिशेला असायचं तिकडेच शिवनेरी उभा होता. गाणं गावातून निघायचं आणि कड्यावर आपटून परत यायचं.

एका शिवजयंतीला प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर रेकॉर्डच्या दोन्ही बाजू तीन-तीनदा वाजवून झाल्या. चौथ्यांदा मी उलटवायला गेलो तेव्हा पुढच्या रांगेतले एक पागोटेवाले आजोबा वैतागून म्हणाले, "अरे, तेच किती वेळा? पुढचं लाव की."

वडील म्हणाले, "आजोबा, संपली. दोनच बाजू असतात."

आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "असं कसं? महाराज एवढ्यातच आटपले?"

मांडव हसला. मीही हसलो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. लाँग प्लेच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात. म्हणजे पाऊण तासात एक आयुष्य बसवायचं. ज्यांनी बसवलं त्यांनी काय काय बाहेर ठेवलं असेल? आणि जागा मिळाली असती, तर तिसऱ्या बाजूवर काय आलं असतं?

हा खेळ मी एकटाच खेळतो असं नाही. रॉक संगीताचे जगभरचे शौकीन तो हौसेने खेळतात. 'द हू' या इंग्लिश बँडच्या पीट टाउनशेंडने 'लाइफहाउस' नावाची मोठी संगीतकथा योजली होती. ती तडीला गेली नाही. तिच्यातल्या गाण्यांची एकच तबकडी 1971 मध्ये निघाली, 'हूज नेक्स्ट', आणि ती गाजली. तरी उरलेली कथा लोक अजून मनात जुळवत बसतात. शेवटी 1999 मध्ये बीबीसीच्या रेडिओने ती नाट्यरूपात ऐकवली. आपल्याकडे तर याच्या आधीचं उदाहरण आहे आणि तेही आकाशवाणीचंच. पुणे केंद्रावरून 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झालं. वर्षाच्या आठवड्यांच्या हिशेबाने 52 गाणी ठरली होती. त्या वर्षी अधिक मास आला आणि गाणी 56 झाली. माझ्या तिसऱ्या बाजूला मी अधिक मासच समजतो.

खेळाचे नियम मी स्वतःच ठरवले आहेत. मूळ रेकॉर्डमधलं एकही गाणं काढायचं नाही. चालही तिथलीच शोभली पाहिजे. मूळ रेकॉर्डवर समर्थ रामदास आहेत, भूषण आहेत, गोविंदाग्रज, सावरकर आणि कुसुमाग्रज आहेत. तीन शतकांचे कवी एका तबकडीवर. त्यांच्या पंक्तीत बसायचं म्हणजे पान तरी स्वच्छ पुसलेलं हवं. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळे सभासदाची बखर आणि परमानंदाचं 'शिवभारत' तेव्हापासून उशाला आहेत.

तिसऱ्या बाजूचं पहिलं गाणं जात्यावरचं. मूळ रेकॉर्डवर गोविंदाग्रजांचं अंगाईगीत आहे. ते ऐकताना मला नेहमी वाटतं, पाळण्याभोवती तेव्हा काय होतं? शिवरायांचा जन्म 1630 चा. त्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला, तो 1632 पर्यंत चालला. याच दुष्काळाने देहूत तुकोबांचं घर धुऊन नेलं. वर गडावर अंगाई चालू होती तेव्हा खालच्या मावळात जाती रिकामी होती. तेव्हा अंगाईला लागूनच एका कुणबिणीची ओवी हवी. वाद्य एकही नको, फक्त दगडावर दगड फिरल्याचा आवाज. जात्यात दाणा नसला की तो आवाज कसा कोरडा येतो, ते खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुसरं गाणं आमच्या गावाची फजिती. एप्रिल 1657 च्या अखेरीस एका रात्री शिवाजीराजांची माणसं दोरांच्या शिड्या लावून जुन्नरच्या तटावर चढली. शहर तेव्हा मोगलांचं, पेठ भरलेली. 3 लाख होन आणि 200 घोडे घेऊन मंडळी पसार झाली. शाळेत हा धडा गुरुजी शिकवायचे तेव्हा आम्ही टाळ्या वाजवायचो आणि मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "पण गुरुजी, लुटलं ते आपलंच गाव ना?" लुटणारा राजाही आमचा आणि लुटलेली पेठही आमची. हे गाणं गंभीर चेहऱ्याने गाता येणार नाही. ते मी नारायणगावच्या तमाशाला देईन. विठाबाई नारायणगावकरांचं गाव आमच्याच तालुक्यातलं. ढोलकीवर सावकाराचं रडगाणं, आणि मागून झीलकऱ्याचा टोला.

तिसरं गाणं कागदाचं. जुन्नरी कागद एके काळी नामांकित होता. पेशव्यांच्या दफ्तरात तो भरपूर सापडतो. तो बनवणारे कागदी मुसलमान. माझं आजोळ त्यांच्यातलं. चिंध्या नि जुनं गोणपाट कुजवायचं, कुटायचं, नदीत धुवायचं, जाळीवर धरून एकेक ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. माझ्या आजीला ते घोटणं तोंडपाठ होतं. कागद बंद होऊन जमाना झाला होता, तरी रिकामी बसली की तिचा तळवा गुडघ्यावर त्याच लयीत फिरायचा. राज्य तलवारीने येतं, पण पुढे ते लिहून ठेवावं लागतं. या गाण्याचा ठेका आजीच्या तळव्याचा.

इथे तिसरी बाजू संपते. उलटवा.

चौथ्या बाजूवर आधी पन्हाळा. मूळ रेकॉर्डवर कुसुमाग्रजांचं बाजीप्रभूंवरचं गाणं आहे. ते ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही तो माणूस मला भेटायचा आहे. पण 1660 च्या त्याच रात्री आणखी एक पालखी निघाली होती. तिच्यात राजांसारखा दिसणारा शिवा काशीद बसला होता, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा नाभिक. आपण कुठे चाललो आहोत आणि तिथे काय होणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याचं गाणं लहानच हवं. भोयांच्या पावलांचा ताल, आणि मध्येच तो थांबतो.

त्याला लागून एका बापाचं गाणं. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर सगळ्यांना माहीत आहे. तो वेढा बाहेरून फोडायला नेताजी पालकरांबरोबर कोण गेलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. 'शिवभारता'त ते लिहिलेलं आहे. सिद्दी हिलाल गेला होता, सोबत त्याचा तरुण मुलगा वाहवाह. मुलगा जखमी होऊन घोड्यावरून पडला आणि शत्रूच्या हाती लागला. बापाला त्याला न घेताच मागे फिरावं लागलं. वेढ्यात सिद्दी, वेढा फोडायला आलेलाही सिद्दी. इतिहास असा असतो, आपल्याला हवा तसा दोन खणांत मावत नाही. हे गाणं लिहायला मी पुष्कळदा बसलो. प्रत्येक वेळी त्या बापाच्या जागी मला माझे वडील दिसतात. त्याचं कारण सांगतो.

मी बारावीत होतो. त्या वर्षी मंडळातल्या नव्या पोरांनी शिवजयंतीला दुसऱ्या गावाहून लाउडस्पीकर आणला. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि वडिलांनी विचारलं नाही. काळ बदलत चालला होता, एवढं आम्हाला कळत होतं. वडील दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून माइकचं जाळं पुसत होते. जाळं सकाळीच स्वच्छ झालं होतं. संध्याकाळी त्यांच्यातलीच दोन पोरं खाली मान घालून आली. "चाचा, ती महाराजांची रेकॉर्ड द्याल का? त्याच्याकडे नाहीये."

मला वाटलं, वडील नाही म्हणतील. मी असतो तर म्हणालो असतो. वडिलांनी रेकॉर्ड काढली, मऊ फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसली, खोक्यात घातली आणि म्हणाले, "सुई नवी आहे का विचारा त्याला. जुनी सुई खाते हिला."

सुई जुनीच असावी. रेकॉर्ड परत आली ती ओरखडा घेऊन. नेमका अंगाईगीतावर. त्या जागी सुई अडकायची आणि एकच शब्द पुनःपुन्हा यायचा, बाळ काही झोपायचं नाही. पुढच्या वर्षी मंडळाने पुन्हा आम्हालाच बोलावलं. वडील गेले. त्या जागी सुई आली की ते एका बोटाने ती अलगद उचलायचे आणि एक रेघ पुढे ठेवायचे. ऐकणाऱ्यांना वाटायचं, लताबाईंनी जरा श्वास घेतला. मांडवात कुणाला ते कळलं नाही. मला कळायचं, कारण बोट उचलताना वडील श्वास रोखायचे.

शेवटचं गाणं शिवनेरीचं. इथे एक गोष्ट सांगितली की बाहेरगावचे लोक चकित होतात. ज्या गडावर राजांचा जन्म झाला तो गड त्यांना हयातीत कधी मिळाला नाही. निजामशाही बुडाल्यावर तो मोगलांकडे गेला. तो घ्यायचे प्रयत्न झाले, पण यश आलं नाही. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर जुन्नरला येऊन गेला, तेव्हाही वर मोगलांचाच अंमल होता. गड मराठ्यांकडे आला तो राजांच्या पश्चात, पुष्कळ वर्षांनी.

6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला. 17 जूनला जिजाऊ पाचाडला गेल्या. त्या अकरा दिवसांत त्यांना शिवनेरी आठवला नसेल असं मला वाटत नाही. ज्या दगडी खोलीत पाळणा हलला, जिथून खाली जुन्नरच्या मशिदींची बांग आणि वर शिवाई देवीची घंटा ऐकू यायची, ती खोली अजून दुसऱ्याच्या ताब्यात होती. गाण्याला चाल तीच हवी, अंगाईची, फक्त सावकाश. आवाजही लताबाईंचाच. त्या 2022 मध्ये गेल्या, पण मनातल्या रेकॉर्डला कुणाची तारीख घ्यावी लागत नाही. माझ्या वहीत या गाण्याच्या आजवर दोनच ओळी उतरल्या आहेत :

किती गड आले, शिवबा, मोजता मोजवेनात;
एक पाळण्याचा तेवढा राहिला.

पुढचं सुचत नाही. कदाचित गाणं तिथेच संपत असेल.

कुणी म्हणेल, मूळ रेकॉर्ड इतकी बांधीव आहे, तिला ही ठिगळं कशाला? बरोबर आहे. पाऊण तासाची अट होती म्हणून ती तशी झाली, आणि ती तशीच राहू दे. माझी तबकडी कुठल्या दुकानात येणार नाही. पण आमच्या आजोबांचा प्रश्न खरा होता. महाराज एवढ्यात आटपत नाहीत. त्यांच्या गोष्टीत रिकामं जातं फिरवणारी कुणबीण आहे, लुटलेला सावकार आहे, कागद घोटणारी माझी आजी आहे, शिवा काशीद आहे आणि पोराला मागे ठेवून परतणारा सिद्दी हिलालही आहे. तुमच्या गावचंही कुणीतरी असेल. पाचवी बाजू तुम्ही लिहा.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. ती रेकॉर्ड आणि तो प्लेअर माझ्याकडे आहे. मागच्या शिवजयंतीला नातवाने हट्ट धरला म्हणून लावली. सुई त्या ओरखड्यापाशी आली तेव्हा मी बोट पुढे केलं. नातू म्हणाला, "दादा, मी करू?"

मी म्हटलं, "कर. पण आधी श्वास रोख."