मज्जातंतूंचे सोबती

चुलीवरचे तापलेले पातेले एखाद्याने उघड्या हातांनी उतरवावे आणि हात भाजल्याचे त्याला मागाहून, फोड पाहून कळावे, याहून मोठे दुर्दैव ते कोणते? कुष्ठरोगात बोटे झडतात ती जंतू मांस खातात म्हणून नव्हे. आधी संवेदना जाते, मग जखमांची जाणीव उरत नाही आणि त्या चिघळत राहतात. 1949 साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, ते अशाच माणसांसाठी.

संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना सोबत लागते. तारेवर रबराचे वेष्टण असावे, तशा काही पेशी त्यांना लपेटून असतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने 1839 च्या सुमारास त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या श्वान पेशी. (त्यांचा इमानीपणा पाहता हे नाव मराठी कानांना भलतेच शोभते, हा निव्वळ योगायोग!) तंतू तुटला की या पेशी भराभर विभागतात आणि नव्या अंकुराला वाट करून देतात.

विभागण्याची ही आज्ञा त्यांना देते कोण? गुरांच्या मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने काचपात्रातील श्वान पेशी वाढीला लागतात, असे दिसून आले होते. पण अर्क म्हणजे हजारो प्रथिनांची खिचडी. जेरेमी ब्रॉक्स आणि ग्रेग लेम्की यांनी तो एकामागून एक नळीस्तंभांतून गाळला. प्रत्येक अंश पेशींना पाजायचा, त्या विभागतात का ते मोजायचे, निरुपयोगी अंश टाकायचा आणि उरलेला पुन्हा गाळायचा! असे वेचता वेचता 1984 साली हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे 31 हजार पट वजनाचे एक प्रथिन त्यांच्या हाती लागले. 1993 मध्ये त्याचे जनुकही सापडले. आज या घराण्याला न्यूरेग्युलिन म्हणतात. मज्जातंतू स्वतःच ते आपल्या सोबत्यांपुढे धरतो.

इकडे मुंबईत डॉ. नोशिर अंटिया यांच्या संस्थेत 1980 नंतरच्या दशकात कुष्ठजंतू आणि श्वान पेशी यांचा संबंध तपासला जात होता. जंतूला घर करायला नेमक्या याच पेशी का आवडाव्यात? 2006 साली अनुरा रंबुक्काना व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे दाखविले, ते मला विलक्षण वाटते. न्यूरेग्युलिनच्या आज्ञेला साद देणाऱ्या कुलपांच्या जोडीत एर्ब-बी-2 नावाचे एक कुलूप असते. जंतू थेट त्यालाच हात घालतो आणि पेशी तंतूवरचे वेष्टण सोडून देते. म्हणजे चोराजवळ घरच्याच कुलपाची किल्ली! हे कुलूप रोखणारी औषधे दिली, तेव्हा प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये वेष्टणाची ही हानी टळली.

1982 पासून प्रचारात आलेली बहुविध औषधयोजना जंतूंना मारते. गेलेली संवेदना मात्र पुष्कळदा परत येत नाही. म्हणून उपचार संपल्यावरही रोज सकाळ-संध्याकाळ आपले तळहात व तळपाय डोळ्यांनी तपासण्यास रुग्णांना शिकवावे लागते.