गुळव्याची नजर आणि इन्सुलिनची सुई
(नभोवाणीवरील भाषण)



गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभा राहिलेला गुळव्या ज्यांनी पाहिला आहे, आणि करवीर इलाख्यात तो न पाहिलेला इसम विरळाच, त्यांना स्वादुपिंडाचे कार्य निराळे समजावण्याचे प्रयोजन नाही. उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून त्याची गोळी वळते की नाही, हे तो पुनःपुन्हा अजमावतो; काहील उतरवण्याचा हुकूम घड्याळ पाहून देत नाही. स्वादुपिंडातील पेशीही रक्तातील शर्करा अशीच अखंड पारखून जरूर तेवढेच इन्सुलिन सोडतात.

1922 च्या जानेवारीत टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला इन्सुलिन प्रथम टोचले गेले आणि मरणोन्मुखांना संजीवनी लाभली खरी. परंतु पारखण्याचे व देण्याचे जे काम एकाच पेशीच्या अंमलाखाली होते, ते आता रुग्णाच्या गळ्यात पडले. सकाळी सुई घेऊन फडात उतरलेल्या ऊसतोड्याची न्याहारी लांबली, तर इन्सुलिन काही त्याची वाट पाहत नाही. शर्करा घसरून दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, प्रसंगी शुद्धही हरपते.

मीटरच्या अब्जाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. या मापाच्या सृष्टीत पारखणे व देणे यांची ही फारकत मिटवण्याची तजवीज चालू आहे. 2015 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील संशोधकांनी सूक्ष्म सुयांची एक चकती केली, जिच्यात शंभराहून थोड्या अधिक नॅनोमीटरच्या पिशव्यांत इन्सुलिन व एक विकर एकत्र कोंडलेले होते. शर्करा वाढली की विकर तिच्यावर काम करताना भोवतालचा प्राणवायू खर्ची घालते, त्या तुटवड्याने पिशवीची भिंत विरते आणि इन्सुलिन बाहेर पडते. प्रयोग यशस्वी झाला तो उंदरांवर. मनुष्यदेहाला लागणारी मात्रा कितीतरी मोठी, हा अडसर लहान नव्हे.

माझ्या मते आपल्याकडे त्याहून निकड आहे ती रक्तातील शर्करा मोजणाऱ्या स्वस्त, टिकाऊ चाचणीपट्टीची. प्रचलित पट्टीतील विकर उष्म्याने व दमटपणाने बिघडते, आणि आपला पावसाळा तर सर्वश्रुत! तांबे किंवा निकेल यांच्या ऑक्साइडांचे नॅनोकण विकराविना शर्करेचे ऑक्सिडीकरण करू शकतात. नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र विभाग असलेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी हा विषय शोभून दिसेल. मात्र हे कण बहुधा तीव्र अल्कधर्मी द्रावणातच नीट काम करतात. रक्त तसे नसते, आणि गाडे तूर्त तिथेच अडलेले आहे.