तारेचे यंत्र, बिनतारी घर

देवळी तालुक्यातील पुलगावला लागून असलेल्या नाचणगावसारख्या गावात इंटरनेट ज्या घरी काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून येते, तेथे हा तंतू बहुधा समोरच्या खोलीतच थांबतो आणि पुढचे काम वायफाय राउटर रेडिओलहरींवर सोपवतो. मोबाईलला एवढे पुरते; परंतु मागच्या खोलीतला जुना संगणक, सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर किंवा केबलवर चालणारा प्रिंटर यांच्यात रेडिओलहरी झेलणारा भागच नसतो; त्यांच्या पाठीमागे आठ बारीक तारांच्या लॅन केबलसाठी एक चौकोनी खोबण आणि तिच्याशेजारी लुकलुकणारे दोन दिवे तेवढे असतात.

तार आणि रेडिओलहर ही दोन माध्यमे परस्परांना परकी आहेत असे मानण्याचे कारण नाही. हवाई विद्यापीठात 1971 साली सुरू झालेल्या ‘अलोहा’ या रेडिओजाळ्यात सर्वांनी एकच लहर वाटून घ्यावी आणि संदेशांची टक्कर झाल्यास थोडे थांबून पुन्हा पाठवावे अशी रीत होती. तीच कल्पना सुधारून रॉबर्ट मेटकाफ यांनी 1973 मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ‘इथरनेट’ या तारेवरील जाळ्याचा आराखडा मांडला. म्हणजे तारेचे जाळे हे एका परीने बिनतारी जाळ्याचेच अपत्य होय.

तरी ही दोन जाळी जोडताना खरी अडचण येते ती पत्त्याची. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला कारखान्यातच 48 बिटांचा एक ओळखक्रमांक मिळतो, त्यास मॅक पत्ता म्हणतात. तारेवरील संदेशाच्या पाकिटावर पाठवणारा आणि घेणारा असे दोन पत्ते असतात. वायफायवर यंत्राकडून राउटरकडे जाणाऱ्या पाकिटावर मात्र तीन असतात: राउटरचा, लहर सोडणाऱ्या यंत्राचा आणि अंतिम ठिकाणाचा. लहर सोडणारा तोच मूळ पाठवणारा, असे येथे गृहीत धरलेले असते. आता संगणक आणि राउटर यांच्यामध्ये लहरींची तारेशी गाठ घालणारा ‘ब्रिज’ बसवला, तर लहर सोडतो ब्रिज आणि मजकूर असतो संगणकाचा. पण त्या पाकिटावर संगणकाच्या पत्त्याला जागाच उरत नाही, आणि ज्याने पासवर्ड देऊन प्रवेश घेतलेला नाही त्याच्या नावाचे पाकीट राउटर स्वीकारत नाही.

यावर तीन तोडगे निघाले. एकच यंत्र जोडायचे असेल तर ब्रिज त्याचाच पत्ता स्वतः धारण करतो. यंत्रे अनेक असतील तर तो सर्वांचे टपाल स्वतःच्या नावावर घेतो, आणि कोणत्या आयपी पत्त्यामागे, म्हणजे राउटरने वाटून दिलेल्या क्रमांकामागे, कोणते यंत्र आहे याची नोंद ठेवून ते आत पोचवतो, जसे वाड्यातल्या भाडेकरूंची पत्रे ‘मार्फत’ म्हणून घरमालकाकडे येत. तिसरा मार्ग चार पत्त्यांच्या पाकिटाचा. तो सर्वांत स्वच्छ, पण दोन्ही टोकांच्या उपकरणांना तो कळावा लागतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे असतील तर ते जमेलच असे नाही.

प्रत्यक्ष मांडणी त्यामानाने सोपी आहे. अडगळीतला जुना राउटर ब्रिज म्हणून वापरायचा झाल्यास, त्यात ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’ अशी सोय आहे की नाही हे आधी पाहावे. मग केबलने संगणकाला जोडून त्यात घरच्या वायफायचे नाव व पासवर्ड भरावा, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता मुख्य राउटरच्या पत्त्याहून वेगळा करावा आणि ब्रिज पद्धतीत त्याचे डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आयपी पत्ते वाटण्याचे काम, बंद ठेवावे. अन्यथा एका घरात दोन कारभारी होतात. जाड भिंतींच्या घरात 2.4 गिगाहर्ट्झची लहर 5 गिगाहर्ट्झपेक्षा अधिक आत पोचते, वेग मात्र कमी देते. ब्रिज संगणकाशेजारीच ठेवण्याचा आग्रह चुकीचा आहे. लहर चांगली मिळते तेथे तो ठेवावा आणि उरलेले अंतर केबलने कापावे.

एकाच घरात जेथे सलग केबल टाकता येते, तेथे ब्रिजच्या भानगडीत पडू नये. तांब्याची लॅन केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते आणि तिला भिंतीची बाधा नसते. अंगणापलीकडच्या दुसऱ्या इमारतीचा प्रश्न निराळा आहे, कारण उघड्यावरून नेलेली तांब्याची तार विदर्भातल्या वळवाच्या विजेचा झटका दोन्हीकडच्या यंत्रांपर्यंत पोचवू शकते. तेथे ब्रिज किंवा ऑप्टिकल फायबर हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो.