कर्ज विकले जाते तेव्हा वही कोण पाहतो?



कापूस घेणारा व्यापारी गाडीपाशी आला की पहिले काय करतो? हात खुपसतो. वरचा नाही, तळचा कापूस उपसतो, ओल पाहतो, सरकी दाताखाली फोडतो आणि मग भाव काढतो. आपण त्याला अडवत नाही. घेणाऱ्याचा तो हक्कच आहे.

गहाणाच्या कर्जाचेही तसेच आहे. बँक आपले कर्ज आपल्याला न विचारता विकू शकते. एका बँकेने दुसरीला थकीत कर्ज विकणे कायद्यात बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले. घेणारा आंधळेपणाने घेत नाही. गहाणखत, खातेउतारा, भरण्याच्या नोंदी मागतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2021 च्या आदेशात तर असे होते की, चालू कर्जांचा गठ्ठा घेताना सगळी खाती तपासणे जमत नसेल, तर निदान एक तृतीयांश खाती एकेक करून तपासावीत.

उरलेल्या दोन तृतीयांशांत आपण असलो तर? आणि तपासली तरी तो तपासतो बँकेची वही. आपण भरलेली रक्कम तिच्यात चढलीच नसेल, तर त्याला ती दिसणार कुठून? पावती आपल्या घरी, पत्र्याच्या पेटीत. पुष्कळांकडे तीही नाही!

व्याजाचे बघा. पीक हाती येण्याआधी दर तिमाहीला शेतीकर्जाचे व्याज मुद्दलात मिळवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच स्पष्ट केले. वहीत मिळवलेले असेल, तर घेणारा तोच फुगलेला आकडा घेऊन आपल्या दारात येईल. त्याला बँकेपेक्षा जास्त हक्क मिळत नाही, खरा हिशेब जितका तितकेच त्याचे येणे. पण खरा हिशेब दाखवायचा कोणी? आपणच.

शेतजमिनीचे तारण 2002 च्या सरफेसी कायद्यातून वगळलेले आहे, एवढा दिलासा. दावा लावण्याचा रस्ता मात्र उघडाच आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 60-ब गहाण ठेवणाऱ्याला बँकेकडची मालकीची कागदपत्रे पाहण्याचा, स्वखर्चाने नकला घेण्याचा हक्क देते. तो किती जणांनी वापरला?

पुढच्या बैठकीला येताना कर्ज उचलल्या दिवसापासूनचा खातेउतारा आणि असतील तेवढ्या पावत्या आणा. आपण एकेका रकमेवर बोट ठेवून बसू. उताऱ्यासाठी अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नाही म्हणाले, तर नकारही लेखी मागा.