सरासरीच्या आड कोण उभे आहे?

(तंजावूर येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

देशादेशांतील अंतर कमी होत आहे की वाढत आहे, हे आज कोणालाही इंटरनेटवर तपासता येते. जागतिक बँकेने २०१० साली आपली आकडेवारी विनामूल्य खुली केली. स्वीडनमधील गॅपमाइंडर आणि ऑक्सफर्डमधील अवर वर्ल्ड इन डेटा यांनी अशी आकडेवारी सुबोध आलेखांत मांडली. युरोपीय संघाच्या डब्लिन येथील युरोफाउंड या संस्थेने सदस्य देशांची तुलना करणारे खास साधन उभारले. ही साधने आपणही वापरली पाहिजेत. मात्र ती कोणता प्रश्न विचारतात आणि कोणता टाळतात, याचे भान हवे.

देश एकमेकांच्या जवळ येण्याला अर्थशास्त्रात अभिसरण म्हणतात. त्याची प्रचलित मोजमापे दोन. गरीब देश श्रीमंतांपेक्षा वेगाने वाढतात काय, हे एक. देशांमधील तफावत प्रत्यक्षात घटते काय, हे दुसरे. समजा, एका देशाचे दरडोई उत्पन्न १०० रुपये आहे व ते ८ टक्क्यांनी वाढले. दुसऱ्याचे १,००० आहे व ते २ टक्क्यांनी वाढले. वर्षअखेरीस आकडे होतात १०८ आणि १,०२०. दहा पटींचे प्रमाण साडेनऊ पटींच्या आत आले, परंतु रुपयांतील अंतर ९०० वरून ९१२ झाले! दोन्ही विधाने खरी आहेत. सत्ताधारी वर्ग यांपैकी कोणते उच्चरवाने सांगतो, हे वेगळे सांगणे नलगे. शिवाय वरच्यांची घसरण झाली तरीही तफावत घटते. म्हणूनच सर्वांची स्थिती सुधारत असताना होणारे ऊर्ध्वगामी अभिसरण वेगळे ओळखावे लागते.

दुसरा प्रश्न वजनाचा. प्रत्येक देश एक एकक धरला, तर लक्झेंबर्ग आणि चीन समान ठरतात. लोकसंख्येनुसार वजन दिले, तर १९८० नंतर देशांमधील विषमता घटलेली दिसते; तिचे मुख्य कारण चीन आणि पुढे भारत. परंतु ब्रांको मिलानोविच या अर्थशास्त्रज्ञाने दाखविल्याप्रमाणे, या दोन्ही हिशेबांत देशांतर्गत विषमता अदृश्यच राहते. ती दिसण्यासाठी माणूस हे एकक धरावे लागते.

याचा दाखला याच भूमीत आहे. १९६० च्या सुमारास सघन कृषी जिल्हा कार्यक्रमासाठी देशात प्रथम निवडलेल्या सात जिल्ह्यांत तंजावूर होता. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सुधारित बियाणे आली, खते आली. सरासरीच्या भाषेत ही प्रगतीच होती. आणि याच तत्कालीन जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी २५ डिसेंबर १९६८ रोजी ४४ दलितांना, बहुतांशी स्त्रिया व मुले यांना, झोपडीत जिवंत जाळण्यात आले. शेतमजुरांनी मागितली होती ती भाताच्या मजुरीतील वाढ. आणि त्यांनी लाल बावट्याची संघटना सोडण्यास नकार दिला होता. १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने आरोपी जमीनदारांना निर्दोष सोडले. कोणत्याही देशाच्या सरासरीत या झोपडीची नोंद सापडणार नाही.

उलट, येथील अंतर जेवढे घटले त्यामागे कॉ. बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्यांनी बांधलेली शेतमजुरांची संघटना होती. १९५२ चा तंजावूर पण्णैयाळ संरक्षण कायदा त्याच लढ्याच्या दबावाखाली आला.

म्हणून कॉम्रेड्स, कोणताही आलेख समोर आला की तीन प्रश्न विचारा: अंतर प्रमाणात मोजले की प्रत्यक्ष रकमेत? वजन देशाला की माणसाला? सरासरीच्या आत कोणाचा वाटा किती? तिसऱ्यासाठी जागतिक विषमता माहितीकोश पाहा. आणि आकडे दडपले जातात तेव्हा आवाज उठवा. २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष केंद्र सरकारने प्रसिद्ध केले नाहीत. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. ज्याची मोजणीच होत नाही, त्याचा हक्क नाकारणे सोपे जाते. आकडेवारीची मागणी हीदेखील मजुरीच्याच लढ्याचा भाग आहे.