आठवणीची परीक्षा



पस्तीस वर्षें मीं मुलांच्या परीक्षा घेतल्या. गेल्या वर्षीं माझ्या थोरल्या बहिणीची परीक्षा पाहण्याचा प्रसंग आला, तेव्हां परीक्षकाचें काम किती जोखमीचें असतें तें मला नव्यानें उमगलें.

आमची आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांची; शिक्षण मराठी दुसरीपर्यंत. एकच गोष्ट ती पुनःपुन्हां विचारूं लागली, म्हणून तिला एका दवाखान्यांत नेलें. अमेरिकेंत १९७५ सालीं फोल्स्टीन पतिपत्नी व मॅक्ह्यू यांनीं तीस गुणांची एक लहानशी चाचणी प्रसिद्ध केली. तीच तेथें घेतली. आजचा वार व तारीख सांगणें, तीन शब्द ऐकून थोड्या वेळानें पुन्हां म्हणणें, शंभरांतून सात-सात वजा करीत जाणें, एक वाक्य लिहिणें, एक आकृति पाहून काढणें, असे तिचे प्रश्न. २४ हून कमी गुण पडल्यास शंका घ्यावी, असें सामान्यतः मानतात. आक्काला १६ मिळाले.

घरीं येतांच तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आम्हीं काढून घेतला. ती कांहींच बोलली नाहीं. गुणपत्रिका पाहून मुलाची किंमत ठरविणारे पालक मीं पुष्कळ पाहिले होते. आपणही त्यांच्याच पंक्तीला बसूं, असें वाटलें नव्हतें.

दुसऱ्या डॉक्टरांनीं आधीं तिचे कान तपासले. दोन्ही कानांनीं तिला कमी ऐकूं येत होतें. जो शब्द कानांत शिरलाच नाहीं, तो आठवावा कोठून? आणि दुसरी शिकलेल्या बाईला वाक्य लिहितां आलें नाहीं, तर तो दोष स्मृतीचा कीं शाळेचा? हीच अडचण जाणून हरियाणांतील बल्लभगडच्या खेड्यांतील निरक्षर वृद्धांसाठीं या चाचणीचें हिंदी रूप सिद्ध झालें. तें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत वजाबाकीऐवजीं आठवड्याचे वार उलट क्रमानें विचारतात.

म्हणून चाचणी निरुपयोगी, असें मात्र कृपा करून समजूं नका. ती चाळण आहे, निवाडा नव्हे. उलट, चांगला शिकलेला मनुष्य पुरेसे गुण मिळवितो, पण घरांतील हिशेबांत चुकूं लागतो. अशा वेळीं गुणांपेक्षां घरच्यांच्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवावा व डॉक्टरांना तसें स्पष्ट सांगावें.

चाचणीला जातांना चष्मा व श्रवणयंत्र विसरूं नये; शिक्षण किती व मातृभाषा कोणती तें सांगावें; चालू असलेलीं सर्व औषधें बरोबर न्यावींत. गुण कमी पडले तर पुढील तपासणी टाळूं नये. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता किंवा एखादें औषध हेंही विस्मरणाचें कारण असूं शकतें, आणि त्यांवर उपाय आहेत.

श्रवणयंत्र लावल्यावर आक्काला २३ गुण मिळाले. शंका अजून पुरती फिटलेली नाहीं. सहा महिन्यांनीं पुन्हां तपासणी आहे. किल्ल्या मात्र आम्हीं त्याच दिवशीं परत दिल्या. त्या तिनें एकेक करून मोजून घेतल्या. एकही कमी नव्हती.